ब्रेकवाल्या सुभद्राताई

सुभद्राताई राऊळ कुठल्याही गाडीत बसण्याआधी चपला काढतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता या स्टिअरिंगला हळदकुंकू वाहणार. पण त्यांनी साडी आवरून घेतली, उजवं अनवाणी पाऊल ब्रेकच्या पेडलवर ठेवलं आणि डोळे मिटून गप्प बसल्या. जुने वैद्य मनगट धरून बसायचे तशा.

"बुटातून कळत नाय," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "बूट खोटं बोलतो."

ताईंचं वय एकोणसाठ. लालबागला मसाला कुटायच्या डंकांमागे एक बोळ आहे, तिथे त्यांचा गाळा. आत दोन माणसं आणि एक स्टूल मावतं. गाडी बोळात उभी करायची आणि दिवसभर मिरचीच्या ठसक्यात शिंकत काम करायचं. अंगात साडीवर पुरुषी फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्म्याला दोरी. काम एकच, ब्रेकचं. इंजिनचं काही विचारलं तर म्हणतात, "चालत नसेल तर दुसरीकडे जा. थांबत नसेल तर इथे या."

आमची गाडी थांबत नव्हती.

आमची म्हणजे माझ्या सासऱ्यांची. रघुवीर ताम्हाणे, वय चौऱ्याहत्तर, राहणार ठाकूरद्वार. एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. गाडी सत्त्याण्णव सालची, मोतिया रंगाची. आम्हा घरच्यांच्या वाढदिवसाच्या तारखा ते डायरीत बघून सांगतात, पण गाडीची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. मी नूपुर, त्यांची सून. गाडी चालवताना त्यांच्या शेजारी बसायचं काम घरच्यांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण माझा नवरा अनिश शेजारी बसला की दोघांचं भांडण होतं आणि मी बसले की होत नाही, मी मनातल्या मनात करते.

त्याआधीच्या सहा महिन्यांत तीन मेकॅनिक झाले होते. तक्रार तीच. ब्रेक दाबला की पेडल मऊ लागायचं आणि चिखलात पाय रुतावा तसं खाली जायचं. दुसऱ्यांदा दाबलं की जरा धरायचं. पहिल्या मेकॅनिकने ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पेडल दगडासारखं झालं. तीन आठवड्यांनी पुन्हा मऊ. दुसऱ्याने पुढच्या चाकांचे पॅड आणि रबरी नळ्या बदलल्या. पुन्हा तीन आठवडे. तिसऱ्याने मागच्या चाकांतलंही सगळं नवीन घातलं आणि चौथ्या आठवड्यात, "काका, आता गाडीच बदला," असा सल्ला दिला. बाबा त्याच्याकडे पुन्हा गेले नाहीत.

तिघांनीही एक प्रश्न विचारला होता. "ब्रेक ऑइल कमी होतं का?" आणि तिघांनाही बाबांनी एकच उत्तर दिलं होतं. "एक थेंबही नाही." ते खरंही दिसत होतं. बॉनेट उघडलं की ऑइलची छोटी पांढरी बाटली रेषेपर्यंत भरलेली. गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत. तळमजल्यावरच्या शांतावहिनी अधूनमधून म्हणायच्या की तुमची गाडी सुरू करताना पांढरा धूर सोडते, माझ्या खिडकीत येतो. बाबा म्हणायचे, थंडीचे दिवस आहेत. गिरगावात थंडी.

मग माघी गणपतीचा दिवस आला. ठाकूरद्वार नाक्यावर एका मंडळाची मिरवणूक आडवी लागली होती. सगळ्यात मागे बेंजो पार्टी आणि त्यांच्याही मागे, चाकाच्या गाड्यावर ठेवलेला एक भलामोठा ढोल. आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने पुढे येत होतो. बाबांनी ब्रेक दाबला, पेडल खाली गेलं, आणि आमच्या गाडीने त्या ढोलाला अगदी हलकेच धडक दिली. धम्म असा एक ठोका पडला. तालाच्या बरोब्बर मध्ये. सगळी पार्टी वाजवायची थांबली.

ढोलवाला राकेश वळला, ढोल बघितला, गाडी बघितली, मग खिडकीशी येऊन बाबांना म्हणाला, "काका, वाजवायचं होतं तर सांगायचं ना. जागा करून दिली असती."

माझ्या सासूबाई, आनंदीबाई, मागच्या सीटवर होत्या. त्या तिथेच उतरल्या, पदर नीट केला आणि खिडकीतून वाकून म्हणाल्या, "मी या गाडीत पुन्हा बसायची नाही. मला न्यायचंच झालं तर आता चौघंजण न्या." आणि चालत घरी गेल्या.

राकेशनेच पत्ता दिला. "लालबागला सुभद्राताईकडे जा. आमच्या टेम्पोचे ब्रेक तीच बघते. फक्त तिच्याशी खोटं बोलू नका. कळतं तिला."

ते कसं कळतं, याचा एक किस्सा लालबागमध्ये सगळ्यांना पाठ आहे. ताईंचे यजमान धोंडू राऊळ गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली, तेव्हा परळच्या एका गॅरेजात त्यांनी टॅक्सीच्या ब्रेकना लायनर मारायचं, म्हणजे झिजलेला पट्टा काढून नवा ठोकायचं काम शिकून घेतलं आणि पुढे हा गाळा घेतला. कुडाळजवळच्या गावातून लग्न करून आलेली सुभद्रा दुपारी डबा घेऊन यायची, ती हळूहळू तिथेच बसायला लागली. चौदा वर्षांपूर्वी धोंडू गेले. गिऱ्हाइकं भेटायला आली, हळहळली आणि दुसरीकडे कुठे जावं याची चौकशी करत परत गेली. बाईच्या हातचा ब्रेक कोणाला नको होता.

पहिला आला तो कुशाबा टॅक्सीवाला, आणि तोही भांडायला. लायनर महिन्यात जळतात, तुमचा माल खराब, असं बोळ ऐकेल अशा आवाजात सांगत होता. ताईंनी त्याच्याच तंबाखूच्या डबीतला चुना मागून घेतला आणि पेडलवर जाडसर थापला. "हिंदमातापर्यंत जा आणि परत ये. ब्रेक किती वेळा मारलास ते मोज." कुशाबा परत आला, म्हणाला, सहा वेळा. ताईंनी त्याची चप्पल काढायला लावून उलटी केली. तळ पांढराफटक आणि पेडल धुतल्यासारखं स्वच्छ. "सहा वेळात एवढा चुना निघत नाय, कुशाबा. तू पाय ठेवूनच फिरतोस. लायनर जळणार नाय तर काय थंड पडणार?" कुशाबाने पाय सुधारला आणि लायनर टिकायला लागले. बाईने कुशाबाला चुना लावला, ही बातमी तोवर सगळ्या टॅक्सी स्टँडवर पोचली होती. गिऱ्हाइकं परत आली ती तेव्हापासून.

आम्ही गेलो त्या दिवशी बाबांनी सकाळी सहापासून गाडी धुतली होती. नुसती वरून नाही. चाकांच्या आतून रॉकेलच्या बोळ्याने पुसली, बॉनेटच्या आत ब्रश फिरवला. तिन्ही मेकॅनिककडे जाताना त्यांनी हेच केलं होतं. घाणेरडी गाडी दुसऱ्याच्या हातात देणं त्यांना बरं वाटत नाही.

ताई गोणपाटावर आडव्या होऊन गाडीखाली शिरल्या, टॉर्च फिरवला आणि बाहेर येऊन बाबांकडे बघत राहिल्या.

"काका, गाडी तपासायला आणलीत की दाखवायला? कांदेपोहे सांगू?"

बाबांना विनोद कळला नाही. त्यांनी फाईल पुढे केली. सहा महिन्यांत झालेली सगळी कामं, तारीखवार, टाइप केलेली. ताईंनी फाईल घेतली, स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"ऑइल घालावं लागतं?"

"एक थेंबही नाही."

"बरं," ताई म्हणाल्या. मग चपला काढून पेडल दाबून बघणं झालं, चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढणं झालं. पेडल पुन्हा कडक झालं. "आता दहा दिवस नेहमीसारखी चालवा. जरा जरी मऊ लागलं तर तिथल्या तिथे उभी करायची आणि मला फोन. आणि दहा दिवस बॉनेट उघडायचं नाय."

"मी कशाला उघडू?" बाबा म्हणाले.

ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग गाळ्यातून काळ्या दोऱ्याची गुंडी आणली, ऑइलच्या बाटलीच्या झाकणाला आणि मानेला मिळून सात वेढे दिले आणि वर एक ओबडधोबड गाठ मारली.

"हे काय?"

"आमच्या गावच्या राखणदाराचा धागा. सुटता कामा नये. सुटला तर गाडीच्या मालकाक त्रास."

बाबा असल्या गोष्टी मानत नाहीत. ते तसं म्हणालेही. ताई म्हणाल्या, "तुम्ही नका मानू. तो मानतो." आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गो बाय, घरात सासूबाई आहेत मां? त्यांना सांग." मी सांगितलं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी गाडीची किल्ली देवघरात, देवासमोर ठेवली आणि बाबांना बजावलं की कोकणातल्या राखणदाराशी खेळायचं नाही, तो फार तापट असतो.

पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी रविवार होता. सासूबाई भजनी मंडळात गेल्या होत्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा खाली बाबा दिसले. हातात बादली आणि फडका. त्यांनी काचा पुसल्या. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि बॉनेट उघडलं. धाग्याकडे बघत बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. गाडीभोवती एक फेरी मारली. परत आले. वाचायचा चष्मा लावला आणि गाठ सोडवायला घेतली. सोडवायला सहा-सात मिनिटं तरी लागली असतील. मग सदऱ्याच्या खिशातून खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं माप निघालं, दुसऱ्या खिशातून छोटी बाटली. औषध मोजावं तसं त्यांनी माप डोळ्यासमोर धरलं, ऑइल ओतलं, झाकण लावलं आणि धागा पुन्हा बांधला. बांधून झाल्यावर जरा लांब होऊन बघितलं, समाधान झालेलं दिसलं.

मी वाळत घातलेली चादर काढून पुन्हा एकदा वाळत घातली आणि कोणाला काही बोलले नाही.

दहाव्या दिवशी लालबाग. ताईंनी बॉनेट उघडलं, धागा बघितला. सात वेढे होते तेवढेच होते, पण एकावर एक नव्हते, एकाला एक लागून ओळीने बसवले होते. वर दोन सारखे कान असलेली फुलीची गाठ, आणि उरलेली टोकं कात्रीने बरोबरीत कापलेली.

"काका," ताईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "ऑफिसात फायली बांधायचात काय हो?"

"छत्तीस वर्षं," बाबा म्हणाले. आवाजात अभिमान होता. तो निघून जायला दोन सेकंद लागले.

पलीकडे डंक कुटत होते. मी शिंक आली नसताना रुमाल तोंडाला लावला.

"हे पाहा," बाबा म्हणाले, "ऑइल कमी होत नाही हे खरंच आहे. मी दर रविवारी बघतो आणि लागेल तेवढं घालतो. त्याला देखभाल म्हणतात. मी रोज दात घासतो, म्हणून माझे दात किडलेत असा अर्थ होत नाही."

"किती लागतं?"

"पंधरा मिली. कधी वीस."

"दर रविवारी."

"दर रविवारी."

"किती महिने?"

बाबा उत्तर द्यायला गेले आणि थांबले. रेकॉर्ड विभागातला माणूस. हिशोब मनातच झाला असणार. त्यांचा चेहरा पडला. कोणाला फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, याची मी खात्री देते. बाटली रेषेखाली गेलेली त्यांना बघवत नव्हती, एवढंच. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालं तरी ते जेवण सोडून उठतात. पण त्या नीटनेटकेपणाने सहा महिने तीन मेकॅनिकना आणि स्वतःलाही फसवलं होतं.

ताई रागावल्या नाहीत. उलट त्यांना हुरूप आला. "आता खरा बोललात. पाव लिटरच्या वर ऑइल गेलं, चाकं कोरडी, जमीन कोरडी. मग ता गेला खय?"

त्यांनी पाना घेतला. ब्रेकच्या पेडलमागे एक गोल डब्यासारखा भाग असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिनच्या ओढीवर तो पायाला जोर देतो. ऑइल दाबणारा मास्टर सिलिंडर त्याच्या तोंडावर बसवलेला असतो. ताईंनी दोन नट सोडून सिलिंडर पुढे ओढला आणि बाबांच्या हातात एक स्टीलची वाटी दिली. "धरा खाली." मग एका तारेला चिंधी गुंडाळून त्या डब्यात घातली आणि बाहेर काढली. चिंधी निथळत होती. पिळली, पुन्हा घातली, पुन्हा पिळली. वाटी अर्ध्यावर आली.

"हे बघा तुमचे रविवार," ताई म्हणाल्या.

सिलिंडरचं मागचं रबर झिजलं होतं. ऑइल बाहेर न गळता बूस्टरच्या पोटात जात होतं, आणि ज्या वाटेने ते जात होतं त्याच वाटेने थोडीथोडी हवा आत येत होती. म्हणून हवा काढली की तीन आठवडे सुख. पोटात साठलेलं ऑइल इंजिन हळूहळू ओढून घेत होतं आणि जाळत होतं.

"म्हणजे पांढरा धूर…" बाबा म्हणाले.

"धूर येत होता? आणि हे फायलीत नाय?"

त्या संध्याकाळी बाबा तळमजल्यावर शांतावहिनींकडे गेले आणि तुमचं म्हणणं बरोबर होतं असं सांगून आले. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यांनी कोणाला असं म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाईंना मात्र धुराशी देणंघेणं नव्हतं. धागा सुटला होता, तोही यांच्या हाताने. त्यांनी बाबांना नारळ देऊन पुन्हा लालबागला पाठवलं, राखणदाराची माफी मागायला. ताईंनी गंभीर चेहऱ्याने नारळ कपाळाला लावून घेतला. तो काळा दोरा त्यांच्या शर्टाची बटणं लावायचा होता, हे त्यांनी मला पुढे केव्हातरी सांगितलं. नारळाची सोलकढी केली होती म्हणे.

मास्टर सिलिंडर नवा मिळाला, पण ऑइलने बूस्टरही खराब झाला होता आणि इतक्या जुन्या गाडीचा बूस्टर मिळायला नऊ दिवस लागले. तो बसवला त्या दिवशी शेवटचं काम उरलं, पुन्हा एकदा हवा काढण्याचं. हे काम दोघांचं असतं. एकाने चाकाशी बसून मागचा छोटा स्क्रू उघडबंद करायचा, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं. ताईंनी बाबांना आत बसवलं. चपला काढायला लावल्या.

"दाबा." बाबांनी दाबलं. "धरा." धरलं. "सोडा." सोडलं. आयुष्यभर हाताखालच्यांना सूचना दिलेले बाबा बालवाडीतल्या मुलासारखे ऐकत होते. तीन चाकं झाली. चौथ्या चाकाला ताई म्हणाल्या, "दाबा. धरा." आणि गप्प. एक मिनिट गेलं. दोन गेली. मी वाकून बघितलं तर ताईंचं काम कधीच संपलेलं, चाकाला टेकून निवांत चहा पीत होत्या. मला बोटाने गप्प राहायची खूण केली. बाबांच्या पोटरीला कापरं भरलं होतं, पण पाय जागचा हलला नाही.

तिसऱ्या मिनिटाला ताई म्हणाल्या, "सोडा." मग उठून खिडकीशी आल्या. "आमचे मालक असंच करायचे. पंचवीस वर्षं मी त्या सीटवर बसून दाबलं. घरी भांडण झालं असलं की हा माणूस 'सोड' म्हणायचाच नाय. आणि मी पण अशी, पाय भरून आला तरी विचारायची नाय. एकदा त्यालाच झोप लागली चाकाशी." त्या हसल्या, आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. "ते गेल्यापासून पेडलवर असा नेटाने कोणी बसला नाय. सगळ्यांना घाई."

बाबा वाकून पाय चोळत होते.

पेडल तेव्हापासून कडक आहे. बाटलीतलं ऑइल रेषेवर आहे, आणि ते कोणी घातलेलं नाही. सासूबाईंनी महिनाभर लांबून गाडीचं निरीक्षण केलं, मग एका शुक्रवारी दादरला फुलं आणायला जायचं होतं तेव्हा मागचं दार उघडून बसल्या.

बाबा आता दर बुधवारी लालबागला जातात. दहा वाजता डबा घेऊन निघतात, ऑफिसला जायचे तसेच. ताईंचे गुडघे दुखतात, खाली-वर करणं जमत नाही, म्हणून पेडलवर ते बसतात. गिऱ्हाईक "मी काहीच केलं नाही हो" म्हणालं की ताई बाबांकडे बघतात आणि बाबा त्या माणसाला असे काही प्रश्न विचारतात की तो पाचव्या मिनिटाला कबूल होतो. हे तंत्र त्यांना कसं साधलं, ते मी विचारलेलं नाही. मेमध्ये ताई पंधरा दिवस गावी गेल्या होत्या. बाबांनी त्या पंधरा दिवसांत घरातली सगळी कपाटं आवरली. आम्ही सगळे त्या परत यायची वाट बघत होतो. येताना त्यांनी आमच्यासाठी सोडे आणले.

गेल्या महिन्यात ताईंनी बाबांना लायनर मारायला शिकवलं. ब्रेकच्या लोखंडी कमानीवर नवा पट्टा बसवून रिबिटा ठोकायच्या, एवढंच. छत्तीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे न झालेल्या माणसाने आठपैकी तीन रिबिटा वाकड्या मारल्या. बाबा तो लायनर गुपचूप पिशवीत घालत होते. ताईंनी काढून घेतला आणि गाळ्यात समोरच खिळ्याला टांगला.

"काकांनी मारलाय," येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगतात. "गाडीला लावायचा नाय. बघायला ठेवलाय."

परवा बाबा सासूबाईंना मुद्दाम घेऊन गेले होते, तो दाखवायला.